नेम, शिस्त आणि नागरिकत्व : रायफल प्रशिक्षणासोबत इतिहास का शिकवला जातो?

१. प्रस्तावना

रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील एनसीसी कॅडेट पहिल्यांदा फायरिंग रेंजवर जातो तेव्हा त्याला बहुतेक सूचना हिंदीत मिळतात. त्यातली एक सूचना मराठी विद्यार्थ्याला क्षणभर थांबवते : "शिस्त लो." मराठीत शिस्त म्हणजे वागण्यातला नेमकेपणा, अनुशासन. हिंदीच्या सैनिकी बोलीत शिस्त म्हणजे नेम. फारसीतून आलेला हा एकच शब्द एका भाषेत डोळ्याशी जोडला गेला आणि दुसऱ्या भाषेत वर्तनाशी. या पाठाचा विषयही तोच आहे. रायफल चालवणे हे हाताचे कौशल्य आहे, पण ते शिकवताना सहसा नागरिकत्वाचा एखादा धडाही सोबत दिला जातो. हा धडा कोणता असतो, तो कोण देतो आणि त्यामागे कोणता कायदा असतो, हे आपण पाहणार आहोत.

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :

• नेमबाजीची मूलतत्त्वे आणि २५ मीटरच्या रेंजचे गणित.
• अमेरिकेतील ॲपलसीड शिबिर आणि भारतातील एनसीसी यांच्यातील साम्य व भेद.
• शस्त्र बाळगण्याच्या प्रश्नावर १९४८ मध्ये भारताने घेतलेली भूमिका.
• बस्तरमधील विशेष पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष.

२. शनिवार-रविवारचे शिबिर : ॲपलसीड

अमेरिकेत 'रेव्होल्युशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन' ही स्वयंसेवी संस्था 'प्रोजेक्ट ॲपलसीड' नावाची दोन दिवसांची रायफल शिबिरे भरवते. अमेरिकेत गावोगाव सफरचंदाची झाडे लावत फिरलेल्या जॉन चॅपमन यांना लोक 'जॉनी ॲपलसीड' म्हणत. त्यांच्यावरून हे नाव घेतले आहे. प्रशिक्षक स्वयंसेवक असतात आणि शिकणाऱ्यांत कुटुंबे, स्त्रिया व मुलेही असतात.

शिबिरात दिवसभर गोळीबाराचा सराव चालतो. मधल्या विश्रांतीत १९ एप्रिल १७७५ या दिवसाची गोष्ट तीन भागांत सांगितली जाते. सुरुवातीच्या एका लक्ष्यपत्रावर तेरा गोळ्या झाडायच्या असतात. तेरा हा आकडा ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींचा. शेवटी ४० गोळ्यांची परीक्षा होते. ती चार टप्प्यांत असते : उभे राहून, बसून किंवा गुडघ्यावर, झोपून वेगाने आणि झोपून सावकाश. एकूण गुण २५०, आणि २१० गुण मिळवणाऱ्याला 'रायफलमन' हा बिल्ला मिळतो.

संस्था स्वतःला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवते. पण शिबिराचा संदेश उघड आहे : पूर्वजांनी कष्टाने मिळवलेले स्वातंत्र्य टिकवायचे तर नागरिकाने जागरूक आणि कुशल राहावे. हा संदेश एका कायदेशीर पायावर उभा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती (१७९१) शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख करते. २००८ मध्ये हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले. म्हणजे शिबिरात येणाऱ्याकडे हक्क आधीच असतो. शिबिर त्याला कौशल्य आणि जबाबदारीची जाणीव देते.

३. नेमबाजीची मूलतत्त्वे

देश बदलला तरी रायफलचे शास्त्र बदलत नाही. एनसीसीच्या वर्गात चांगल्या फायरिंगचे तीन नियम घोकून घेतले जातात : मजबूत पकड, बरोबर शिस्त आणि ट्रिगरवर योग्य दाब. ॲपलसीडमध्ये याच गोष्टी सहा पायऱ्यांत मांडतात. दोन्ही एकत्र करून क्रम असा लावता येतो.

(अ) शरीराची बैठक. झोपून नेम घेताना रायफलचा भार स्नायूंवर न टाकता हाडांवर टाकायचा असतो. कोपर जमिनीवर टेकलेले, दस्ता खांद्यात घट्ट बसलेला, गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी. स्नायू दमतो आणि थरथरतो, हाड थरथरत नाही.

(आ) नैसर्गिक रोख. नेम घेतल्यावर डोळे मिटावे, अंग सैल सोडावे आणि पुन्हा डोळे उघडावेत. रायफल लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हाताने ओढून तिला जागेवर आणू नये. कोपर टेकवून सगळे शरीरच थोडे वळवावे. नवशिक्याच्या अनेक चुका या एका कसोटीने कमी होतात.

(इ) साइटची जुळणी. मागची साइट, पुढच्या साइटचे टोक आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे. मानवी डोळा तीन अंतरांवर एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. म्हणून नजर पुढच्या साइटच्या टोकावर ठेवावी, लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालते. दोन साइट्सच्या जुळणीतली चूक अंतरासोबत वाढत जाते, म्हणून तीच आधी सांभाळायची.

(ई) श्वास. श्वास घेताना छाती वर येते आणि त्यासोबत रायफलची नळी हलते. श्वास सोडल्यानंतर पुढचा श्वास घेण्याआधी शरीर आपोआप स्थिर होते, गोळी त्या काही क्षणांत सुटावी. श्वास फार वेळ रोखला तर नजर अंधुक होते.

(उ) चाप. चाप झटक्याने ओढला की नळी बाजूला जाते. बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू वाढता दाब द्यावा.

(ऊ) पाठपुरावा. गोळी सुटल्यावरही नेम व बोट क्षणभर तसेच ठेवावे. डोके लगेच वर उचलण्याची सवय पुढच्या गोळीत चूक घालते.

या सगळ्यांच्या आधी येते सुरक्षा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला, बोट नेमाच्या क्षणापर्यंत चापाबाहेर, हुकूम आल्याशिवाय काडतूस भरायचे नाही, आणि प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजून हाताळायचे. रेंजवर एका व्यक्तीचा हुकूम चालतो. शिकणाऱ्याला अनुशासनाचा पहिला अर्थ इथे कळतो.

४. २५ मीटरचे गणित

एनसीसीचा सराव पॉइंट बावीस रायफलने सुमारे २५ मीटर अंतरावर होतो. ॲपलसीडमध्येही बहुतांश सराव २५ मीटरवरच असतो. इतक्या कमी अंतरावर शिकून उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर कोनात आहे.

एका अंशाचे ६० भाग केले की एक कोनीय मिनिट मिळते. एक मिनिटाची चूक २५ मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर दिसते, तर १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. अंतर चौपट झाले की चूकही चौपट होते, कोन मात्र तोच राहतो. म्हणून ४०० मीटरवरील ५० सेंटिमीटर रुंद लक्ष्याची प्रतिकृती २५ मीटरवर ठेवायची तर ती सुमारे ३.१ सेंटिमीटर रुंद असावी लागते. वारा आणि गोळीचे खाली येणे यांचा परिणाम इथे दिसत नाही, पण नेमणाऱ्याच्या हाताची व डोळ्याची चूक पूर्ण दिसते.

म्हणूनच पहिली कसोटी 'ग्रुपिंग'ची असते. पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून झाडायच्या आणि छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजायचे. ग्रुप लहान पण मध्यापासून दूर असेल तर साइट सुधारता येते. छिद्रे विखुरलेली असतील तर सुधारायचे आहे ते शिकणाऱ्याने. अचूकतेपेक्षा सातत्य आधी येते, हे मोजमापशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ओळखीचे वाटेल.

या सरावातून खेळाकडेही वाट जाते. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात वापरतात ते काडतूसही पॉइंट बावीसचेच.

५. वारसा आणि इतिहास : १९ एप्रिल १७७५

आता ॲपलसीडच्या गोष्टीकडे वळू. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक बॉस्टनहून निघाले. कॉनकॉर्ड गावात स्थानिक नागरी सेनेने साठवलेली दारू आणि शस्त्रे जप्त करणे हा त्यांचा हेतू होता. पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानावर चकमक झाली आणि आठ स्थानिक माणसे मारली गेली. कॉनकॉर्डच्या पुलावर ब्रिटिशांना माघार घ्यावी लागली. बॉस्टनला परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर गोळीबार होत राहिला. दिवसअखेर ब्रिटिशांकडील ७३ जण ठार झाले होते, अमेरिकनांकडील ४९.

ही गोष्ट खरी आहे. तरी वारसा म्हणून सांगताना तिच्यातला एक तपशील सहज निसटतो. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांच्या हातात प्रामुख्याने गुळगुळीत नळीच्या मस्केट होत्या, आतून सर्पिल खाचा असलेल्या रायफली नव्हेत. मस्केटचा नेम थोड्या अंतरापलीकडे भरवशाचा नसतो. मोठी संख्या, रस्त्याची माहिती आणि निरोप पोहोचवण्याची व्यवस्था यांचा त्या दिवशी मोठा वाटा होता. अचूक नेमबाज नागरिक ही प्रतिमा नंतर अधिक ठळक झाली.

विद्यार्थ्यांनी इथे एक भेद लक्षात ठेवावा. इतिहास 'काय घडले' हे पुराव्याने तपासतो. वारसा 'त्यातले आपण काय जपायचे' हे ठरवतो. वारशाचा धडा द्यायला हरकत नाही, पण त्याला इतिहासाची तपासणी लागू असावी.

६. रायपूरची गोष्ट आणि शस्त्रकायदा

ॲपलसीडसारखा वारशाचा धडा रायपूरच्या कॅडेटला द्यायचा तर त्यासाठी दूर जावे लागत नाही. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य भुकेल्या लोकांना वाटले. त्यांना अटक झाली. १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, लोक जमवून त्यांनी प्रतिकार केला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना देहदंड देण्यात आला. हा दंड नेमका कसा दिला गेला याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथांत फरक आढळतो. वारसा आणि इतिहास यांतला भेद इथेही लागू होतो.

त्यानंतर सव्वा महिन्यात, १८ जानेवारी १८५८ रोजी, रायपूरच्या तिसऱ्या पलटणीत उठाव झाला. हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले. हनुमानसिंह इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पकडलेल्या सतरा जणांना २२ जानेवारीला फाशी देण्यात आली. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही.

इथे दोन्ही देशांच्या गोष्टी वेगळ्या दिशेने जातात. अमेरिकेत वसाहती जिंकल्या आणि सशस्त्र नागरिक हा राष्ट्राच्या आरंभाचा नायक झाला. भारतात उठाव चिरडला गेला आणि प्रजा निःशस्त्र करण्यात आली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा झाला, युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. हा भेदभाव स्वातंत्र्य चळवळीला सलत राहिला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला होता.

७. १९४८ : एकाच वर्षातील दोन निर्णय

स्वातंत्र्यानंतर हा हक्क घटनेत येईल अशी अपेक्षा काहींना होती. डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली. कामत मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, आणि रायपूर तेव्हा याच प्रांतात होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना काँग्रेसची जुनी मागणी नाकारली नाही. तो इतिहास आहे, असे त्यांनी मान्य केले. पण ती मागणी परक्या सरकारच्या काळातली होती आणि ती परिस्थिती आता राहिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येकाला बाजारात जाऊन कोणतेही हत्यार विकत घेण्याचा हक्क मिळाला तर राज्याने कारभार कसा चालवायचा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती मंजूर झाली नाही. आज अनुच्छेद १९(१)(ख) नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतो. 'विनाशस्त्र' हा शब्द त्या हक्काचाच भाग आहे.

त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला होता. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना कायदा झाला आणि जुलैत एनसीसी सुरू झाली. संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसत असे तेव्हा तिचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर असत. पुढे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्षही तेच. देशातील एक मोठी नेमबाजी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. नव्या राष्ट्राने विद्यार्थ्याच्या हातात रायफल द्यायचे ठरवले, पण शस्त्र हा हक्क मानला नाही. रायफल गणवेशात, रेंजवर, हुकुमाखाली हातात येते आणि सराव संपला की शस्त्रागारात परत जाते. कॅडेट झाल्याने सैन्यात लढायला जाण्याची सक्ती होत नाही. 'एकता आणि अनुशासन' हे एनसीसीचे ब्रीद याच विचारातले आहे.

८. आजचा कायदा

सध्या १९५९ चा शस्त्रकायदा लागू आहे. त्यानुसार बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि सामान्यतः वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रशिक्षणासाठी, विहित वय आणि अटी पाळून, कमी वयाच्या व्यक्तीलाही शस्त्र वापरता येते. मग अठरा वर्षांचा कॅडेट रायफल कशी चालवतो? कलम ४५ मध्ये एनसीसीच्या सदस्याला कर्तव्य बजावताना या कायद्यातून सूट आहे. ही सूट व्यक्तीला नाही, कर्तव्याला आहे. रेंजवर अचूक नेम साधणारा कॅडेट घरी तेच शस्त्र ठेवू लागला तर तो गुन्हा ठरेल.

इथे ॲपलसीडशी असलेला फरक स्पष्ट होतो. तिथे हक्क आधी आणि प्रशिक्षण ऐच्छिक. इथे प्रशिक्षण आधी, आणि हक्क नाहीच. परवाना हवा असेल तर स्वतंत्र अर्ज, कारण आणि चौकशी.

९. बस्तरचा धडा

राज्याच्या देखरेखीखाली शस्त्र दिले की सगळे ठीक, असा निष्कर्ष काढण्याआधी छत्तीसगडमधीलच एक प्रकरण वाचले पाहिजे. २००५ पासून बस्तर भागात सलवा जुडूम सुरू झाले. माओवाद्यांविरुद्ध लढण्यासाठी शासनाने स्थानिक आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमले. पात्रतेसाठी पाचवी पास पुरेशी मानली जाई, मानधन दरमहा ३,००० रुपये होते आणि प्रशिक्षण सुमारे दोन महिन्यांचे. त्या दोन महिन्यांत शस्त्र चालवण्यासोबत कायद्याचेही तास होते. म्हणजे रायफल आणि पाठ ही जोडी इथेही होती.

५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. अनुच्छेद १४ म्हणजे समानता आणि अनुच्छेद २१ म्हणजे जीविताचा हक्क यांचा तिने भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. जेमतेम शिकलेल्या तरुणाला थोड्या तासांत गुन्हेगारी कायदा समजेल आणि तो संयमाने शस्त्र वापरेल, ही अपेक्षाच न्यायालयाने अमान्य केली. दिलेली शस्त्रे परत घेण्याचे आदेश झाले.

या निकालाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. शस्त्रासोबत दिलेला पाठ खरा असावा लागतो. तो समजण्याची ऐपत, वेळ आणि नकार देण्याचे स्वातंत्र्य शिकणाऱ्याकडे असावे लागते. गरिबीमुळे हातात शस्त्र घेणाऱ्याला 'नागरिकाचे कर्तव्य' शिकवले असे म्हणणे म्हणजे त्याच्या जिवाची जोखीम त्याच्याच माथी टाकणे होय.

१०. सारांश

• नेमबाजीचे तंत्र सर्वत्र एकच आहे. तिच्यासोबत दिला जाणारा नागरिकत्वाचा धडा देशाच्या इतिहासाप्रमाणे बदलतो.
• अमेरिकेत विजयी बंडातून शस्त्र हा हक्क झाला. भारतात पराभूत उठावानंतर शस्त्रबंदी आली आणि स्वातंत्र्यानंतर परवान्याची पद्धत स्वीकारली गेली.
• १९४८ मध्ये भारताने रायफलचे शिक्षण स्वीकारले आणि शस्त्राचा मूलभूत हक्क नाकारला. एनसीसीची रचना या दोन्हींशी सुसंगत आहे.
• २०११ च्या निकालाने दाखवले की राज्याने दिलेले शस्त्रही प्रशिक्षण, समज आणि मानवी प्रतिष्ठा यांच्या कसोटीवर उतरावे लागते.

स्वाध्याय

१. ३०० मीटरवरील ४५ सेंटिमीटर रुंद लक्ष्याची २५ मीटरवरील प्रतिकृती किती रुंद असावी? रीत लिहा.
२. एका कॅडेटच्या पाच गोळ्या दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात, पण मध्यापासून खाली डावीकडे लागल्या आहेत. दुसऱ्याच्या गोळ्या मध्याभोवती दहा सेंटिमीटरवर विखुरल्या आहेत. दोघांना तुम्ही कोणत्या सूचना द्याल?
३. कराचीचा ठराव (१९३१) आणि संविधान सभेतील चर्चा (१९४८) यांच्या दरम्यान परिस्थितीत कोणता बदल झाला होता? आंबेडकरांचा युक्तिवाद तुम्हाला पटतो का? कारणे द्या.
४. तुमच्या जिल्ह्यातील १८५७ शी संबंधित एखादी स्थानिक कथा निवडा. तिच्यातील कोणता भाग कागदपत्रांत सापडतो आणि कोणता फक्त स्मृतीत आहे, ते तपासून एक पान लिहा.